पोस्टमनभाऊ, डावा हात, करंगळीशेजारचं बोट

पोस्टमनभाऊ,

स. न. वि. वि.

बाईच्या तेरवीला तुम्ही आला होतात, मांडवाच्या कडेला उभे राहिलात आणि न जेवताच निघून गेलात, हे चुलत्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी आत भाकरीच्या चुलीपाशी होते. कळलं असतं तर वाढलेलं ताट घेऊन रस्त्यापर्यंत मागं आले असते. आता ते राहिलंच, म्हणून हे पत्र. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हीच तेव्हा म्हणाला होतात, "ताई, नाव कशाला, उगं वरनं विचारपूस येती." गावातल्यांना कळायचं ते कळेल.

परवा बाईची पेटी आवरली. दोन लुगडी, औषधाच्या रिकाम्या पट्ट्या, आमच्या बारशाच्या कुंच्या आणि रुमालात गुंडाळलेलं पासबुक. पहिल्याच पानावर तुमच्या निळ्या बॉलपेनचं अक्षर: "डावा हात, करंगळीशेजारचं बोट. कोमट पाण्याने धुवून घ्यावे." ते वाचून मी तिथंच, पेटीचं झाकण धरून बसले.

आमची बाई म्हणजे माझी आजी. आई, चुलत्या, शेजारीपाजारी, सगळे तिला बाईच म्हणायचे. तिच्या आधारवर जन्मतारीख एक जानेवारी. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, तसलाच तो प्रकार. ती स्वतः सांगायची ते वेगळं. रझाकाराच्या पळापळीत तिच्या आईनं तिला पाटीत घालून डोंगराकडं नेलं होतं, तेव्हा ती नुकती बसायला लागली होती. म्हणजे १९४८ सालचं. त्याच सप्टेंबरच्या १७ तारखेला हैदराबाद संस्थान भारतात आलं. दरवर्षी शाळेत झेंडा लावून आम्ही त्यावर भाषणं ठोकली, पण पाटीतलं ते लेकरू आमच्याच घरात चुलीपुढं बसलंय, हे एकाही भाषणात आलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला होती. मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी खाल्ल्या, कामावर मिळायची ती सुकडी पदरात बांधून लेकरांना आणली. हातोडा डाव्या हातात धरायची आणि दगड उजव्या हाताच्या बोटांनी दाबून. हे मला कधी कळलं? तुम्ही विचारलंत तेव्हा. मी तिची सख्खी नात, वय चौतीस.

पण तिचं खरं काम ऊसतोडीच्या हंगामातलं. तुम्ही धारूर तालुक्यातलेच, तुम्हाला मी काय सांगू? दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता. पार सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकात. शिकणारं लेकरू नेलं तर त्याची शाळा बुडते, ठेवावं तर कुणापाशी? मग गल्लीतली लेकरं बाईच्या वसरीवर यायची. आमच्या वेळी आम्ही बारा जण होतो. त्यातली तिची स्वतःची नातवंडं चारच, बाकी ज्याची त्याची. पुढं सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली. आमचं वसतिगृह म्हणजे ती वसरी, आणि अधीक्षक, आचारी, चौकीदार, सगळं एकटी बाई.

पहाटे भाकरी थापायची, येसराची आमटी करायची, कुणाला ताप आला तर रात्रभर मांडीवर घ्यायची. पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परत आल्या की ज्याचं लेकरू त्याच्या हवाली. काही आया पातळ आणायच्या, काही नुसतं पाया पडायच्या, एकदोघी उगाच "पोरगी वाळली की" म्हणून तोंड वाकडं करायच्या. बाई त्यावर काही बोलायची नाही. रात्री मात्र वसरी रिकामी झाली की तिला झोप यायची नाही म्हणे.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. गावात लाईट कायम गेलेली असायची. झोपायच्या आधी बाई अंधारात आमचे पाय चाचपून हजेरी घ्यायची. आम्ही बारा जण ओळीनं, एकाच लांब वाकळीखाली. ती पायथ्याशी बसून अंगठा नि बोटं फिरवत जायची. हा अमक्याचा, टाचेला भेग. ही धाकटी, नखं वाढलेली. एकदा शेजारचं एक पोरगं गंमत म्हणून येऊन मधेच झोपलं, तर बाईनं त्याच्या पायाला हात लावताच विचारलं, "हे कोण गं तेरावं?" त्या बोटांना आम्ही दिवा न लावता ओळखू यायचो.

आणि त्याच बोटांना मशीन ओळखंना.

श्रावणबाळ योजनेचे पैसे तिच्या खात्यावर पडत होते, हातात मात्र येत नव्हते. आठ महिने. "थम लागत नाही", म्हणजे पैसे काढायच्या मशीनवर अंगठ्याचा ठसा जुळत नाही, हे एवढं एकच वाक्य. चुलत्यानं तिला मोटारसायकलवर मागं बसवून कुठं कुठं नेलं ते सगळं इथं उगाळत बसत नाही. ज्यांनी खेटे घातलेत त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी घालायला लावलेत त्यांना तर जास्तच. एका ठिकाणच्या पोरानं चारदा अंगठा दाबून घेतला, पाचव्यांदा तिचं बोट स्वतःच्या हातानं मशीनवर इतकं जोरात रेटलं की ती "आई गं" म्हणाली, आणि मग रांगेकडं बघून तो बोलला, "आज्जीला रेघाच नाहीत. मशीनला म्हातारी दिसंना." रांग हसली. दुसऱ्या ठिकाणी मान वर न करता सांगितलं, आधी बोटं नीट करून आणा. भाऊ, जात्याला टाकी लावून देणारे पूर्वी दारावर यायचे. बोटांना टाकी कोण लावतं?

त्या दिवसापासून बाई हात पदराखाली ठेवायला लागली. पाहुणे आले तरी पदराखाली. जणू तिनंच काहीतरी चोरलंय.

मी छत्रपती संभाजीनगरला दवाखान्यात नर्स आहे. दिवसाला पंधरा-वीस अनोळखी हात धरते. शीर सापडली नाही तर हात चोळते, कोमट पाण्याची पिशवी लावते. बाईचं ऐकल्यावर मी काय केलं? चुलत्याच्या मोबाईलवर दोन हजार टाकले आणि म्हणाले, "सोड ना बाई त्या पंधराशेचा नाद." ती म्हणाली, "तुझे पैसे तुझे हैत. ते माझे हैत." मला त्यातला फरक कळला नाही. तेव्हा इतरांना बोल लावताना मी स्वतःला त्या रांगेतून बाहेर काढत नाही.

मग पौषात मी चार दिवस गावी आले होते, आणि तुम्ही आलात.

तुमचं खरं काम शेजारच्या घरी होतं. बाईनं वसरीवरून नुसतं विचारलं, "बाबा, ते मशीन तुज्यापाशीबी हाय का?" तुम्ही गाडी स्टँडला लावली, चप्पल काढली आणि बाजेवर न बसता तिच्या पुढ्यात खाली मांडी घातलीत. तिनं अंगठा पुढं केला नाही. "लागत नाही," म्हणाली आणि हात आणखी आत ओढला. तुम्ही मशीन पिशवीतच राहू दिलंत. मला म्हणालात, "ताई, जरा कोमट पाणी आणता का? आणि असलं तर खोबरेल."

पितळेच्या तांब्यातून पाणी मी ओतलं. तिचे हात तुम्ही धुतलेत. एकेक बोट, पेराच्या आतून, नखाच्या कडेनं, आणि आपल्या खांद्यावरच्या पंच्यानं टिपलंत. मी उभीच होते. हे मला करता आलं असतं, रोज करते, पण सुचलं नाही. पुसता पुसता तुम्ही तिचा उजवा अंगठा उजेडाकडं धरलात आणि विचारलंत, "आज्जे, हे कशानं झिजलं?"

आठ महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. बोट लागत नाही हे सगळ्यांनी सांगितलं, का लागत नाही हे कुणालाच नको होतं. बाई मग बोलायलाच लागली. खडी सांगितली, हातोडा सांगितला, सरकीची बोंडं वेचताना नखाखाली घुसणारी टोकं सांगितली, बारा लेकरांच्या भाकरीचा तवा सांगितला, जात्याचा खुंटा सांगितला. तुम्ही ऐकता ऐकता तिच्या बोटावर तेलाचा थेंब घेऊन गोल गोल चोळत होता. आणि त्या गोल फिरण्यानंच झालं असेल, तिला ओवी आली.

उसाच्या गं गाडीसंगं, मायबाप गेले दूर
माझ्या वसरीला बाई, बारा लेकरांचा पूर

भाऊ, तुम्हाला याची किंमत माहीत नसेल म्हणून सांगते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी खेडोपाडी फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर. आपल्या बीड-परभणीकडच्या बायकाही त्यात आहेत. कॉलेजात असताना ते कळल्यावर मी मोठ्या हौसेनं मोबाईल घेऊन बाईपुढं बसले होते. म्हणाली, "जात्याबिगर ओवी कशी निघंल? तोंडात थोडीच असती ती." जातं तोवर दारापुढं पायरी म्हणून पालथं पडलेलं. मी नाद सोडला. आणि इथं एका पोस्टमननं बोट चोळलं नि ओवी बाहेर आली. मी मोबाईल काढला नाही. काढला असता तर ती थांबली असती. एवढी अक्कल त्या दिवशी तरी होती मला.

पुढचं मशीनचं सगळं पटकन झालं. उजवा अंगठा नाही, तर्जनी नाही, हाताची पाचही बोटं गेली. मी म्हणाले, राहू द्या. तुम्ही म्हणालात, "अजून पाच हैत की." डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लागलं. हातोड्याच्या दांड्याला तेवढंच जरा सैल राहिलेलं असावं. नोटा मोजून मी हात पुढं केला, तर तुम्ही माझ्या हाताकडं पाहिलंसुद्धा नाही. बाईच्या ओंजळीत ठेवल्यात आणि म्हणालात, "मोजून घ्या आज्जे, तुमचे हैत." तेव्हा मला तिचं ते 'माझे हैत' कळलं. तिनं तीनदा मोजले. दुसऱ्यांदा मुद्दाम, मला दाखवून.

ते बोट कोणतं हे पासबुकात लिहून ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कुठल्या नियमात बसतं ते? उद्या दुसरा कुणी आला तर त्यानं म्हातारीला पुन्हा दहा बोटांची परेड करायला लावू नये, एवढाच त्याचा अर्थ. आठ मार्चला आमच्या चौकात नारीशक्तीचा फलक लागतो, त्यावर नऊ पुरुषांचे फोटो असतात. त्या फलकाच्या खर्चात निळी बॉलपेनं किती आली असती, हा हिशेब मी हल्ली उगाच करते. माणुसकीला फार मोठी योजना लागत नाही, पंचा आणि तांब्या लागतो, असं मी चुलत्याला म्हणाले. तर तो म्हणाला, "आणि येळ लागतो. तेवढाच कुणापाशी नसतो." त्याचंही खरं आहे. तुमच्या पिशवीत त्या दिवशी अजून किती तरी घरांचं टपाल होतं.

त्यानंतर तुम्ही दोनदा आलात. तिनं हात पदराखाली ठेवले नाहीत. पहिल्या पैशातनं तिनं गल्लीतल्या लेकरांना गुडदाणी वाटली, त्या वर्षीही वसरीवर पाच होतीच. फाल्गुनात गेली, झोपेत. टोळ्या अजून कारखान्यावर होत्या. मुकादमाकडनं सुट्टी काढून तीन कोयते आले, बाकीच्यांनी फोनवर रडून घेतलं. वसरीवरचे आम्ही बारापैकी अकरा तेरवीला होतो. एक फौजेत आहे, त्याला रजा मिळाली नाही.

आता कामाचं. तुम्ही बोलता बोलता तिला सांगितलं होतं की तुम्हाला तीन वर्षांची लेक आहे. हे ती विसरली नाही. पेटीच्या तळाशी एक वाकळ निघाली, नवी. तिच्या हिरव्या काठाच्या लुगड्याची, बारीक धावदोऱ्याची. चुलती म्हणते, महिनाभर दुपारची उन्हात बसून शिवत होती आणि विचारलं की म्हणायची, "पोस्टाच्या पोरीला." पोरीची उंची तिला माहीत नव्हती, म्हणून चांगली सहा हात लांब शिवलीय. तीन-चार लेकरं सहज मावतील.

ती मी पोस्टानं पाठवणार नाही. एकादशीपर्यंत गावी आहे. या आणि घेऊन जा, आणि या खेपेला जेवल्याशिवाय जायचं नाही.

तुमची बहीण,
बाईची थोरली नात