कुकरचं रबर पोचलं

ति. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, तू पाठवलेलं कुकरचं रबर पोचलं. एक नाही, दोन. लहान आणि मोठं. सोबतची जवसाची चटणी पिशवीतच अर्धी सांडली होती, ती मी बोटाने पुसून पुसून खाल्ली. पण रबराची गंमत ऐक. माझा शिट्टीचा कुकर ठणठणीत आहे. इथे इंग्लंडात कुकर म्हणतात ते शेगडीला. वर चार बर्नर, खाली भट्टीसारखा ओव्हन, सगळं एका पेटीत. मी फोनवर "कुकर गेला" म्हटलं, तू शिट्टी होते का, वाफ जाते का विचारत राहिलीस आणि मी रात्रीच्या ड्यूटीवरून आलेली, झोपेत हो हो म्हणत गेले. तू बिचारी एसटीने भंडाऱ्याला जाऊन रबर आणलंस. चूक माझी.

बाबांना फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू सांगताना तुझ्या मनचं घालतेस, म्हणून लिहिते आहे. दादाने मोठ्याने वाचावं, मधलं काही गाळू नये.

मी या दिवाळीला येत नाही. तिकिटाला ठेवलेले पैसे शेगडीत गेले. किती गेले ते रुपयांत करून पाहू नका.

मला माहीत आहे, आई आता म्हणेल, एवढ्यासाठी? पण ऐकून तर घ्या. मी राहते ती बोट घेतली तेव्हा जुनी शेगडी तिच्याबरोबरच आलेली, फार जुनी. या शेगड्यांत बर्नरजवळ एक बारीक कांडी असते. ज्योतीने ती तापली की गॅसची झडप उघडी राहते; वाऱ्याने ज्योत विझली तर कांडी गार होते आणि गॅस आपोआप बंद. माझ्या शेगडीच्या कांड्या एकेक करून मेल्या. बटण दाबून धरलं तोवर ज्योत, सोडलं की फुस्स. तो माल आता बनत नाही, सुटे भाग मिळत नाहीत. तीन आठवडे मी एका हाताने बटण दाबून दुसऱ्या हाताने पोळ्या शेकल्या. मग एक दिवस कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा फोडून त्याची चिपट बटणात खुपसली. बाबा, रागावू नका. शेजारच्या बोटीवरच्या आजोबांनी पाहिलं आणि मला चांगलं झापलं. तुम्ही झापायचे तसंच, फक्त इंग्रजीत.

त्यांचं बरोबर होतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर खालून, उंबऱ्यावरून थोडाफार तरी बाहेर जातो. बोटीला खाली दार कुठलं? घागरीत पाणी भरावं तसा तो तळाशी साचत राहतो. "डोंग्यात कोणी चूल पेटवते का?" हे बाबा दर फोनला विचारतात ना, त्याचं उत्तर असं, की विचार करूनच पेटवतात. माझी सिलिंडरं आत नसतात. बोटीच्या नाकाशी वेगळी लोखंडी पेटी आहे, तिच्या बुडाशी भोक आहे, गळालाच तर गॅस सरळ बाहेर. दर 4 वर्षांनी बोटीची तपासणी होते. गॅसही आपल्यासारखा मिसळीचा नाही, नुसता प्रोपेन. तो उणे 42 अंशांपर्यंत वाफ देतो, म्हणून थंडीतही चहा अडत नाही.

घरगुती स्वस्त शेगडी का नाही घेतली, असं दादा विचारेल. इथे घरांना नळाने वेगळा गॅस येतो, त्या शेगडीतली गॅस सुटायची बारीक भोकं वेगळी. शिवाय ती 60 सेंटिमीटर रुंद आणि माझी जागा 50. विजेची म्हणाल, तर बॅटऱ्या तेवढा भार ओढत नाहीत. आणि भाड्याची खोली म्हणाल... ते बोलणं आपलं झालेलं आहे. पगाराचं अर्धं घरमालकाला देऊन शहरात कोंडून राहण्यापेक्षा मला हे बरं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणून मावशी हसते, हसू दे.

बसवायला पहिला जो माणूस आला तो बोट पाहून, येण्याचे पैसे घेऊन, चालता झाला. मला मात्र गॅसकाम करणाऱ्यांच्या अधिकृत यादीतलाच हवा होता, आणि तोही बोटीचं काम येणारा. पुढच्या आठवड्यात तसा एक मिळाला. बोट 57 फूट लांब पण 6 फूट 10 इंच रुंद, आपल्या पडवीएवढी. जुनी शेगडी पुढच्या दारातून निघेना, शेवटी बाजूच्या लहान दारातून फळीवर घसरवत काठावर काढली. आजोबा एकीकडे, मी एकीकडे, तो मधे शिव्या देत. नवी बसल्यावर त्याने एका काचेच्या वाकड्या नळीत पाणी भरून ती गॅसच्या नळीला जोडली, मेन बंद केला आणि घड्याळ लावून नुसता पाण्याच्या रेघेकडे बघत बसला. मीही बघत बसले. गळती असती तर रेघ सरकली असती. ती हलली नाही. मग पुढच्या पेटीतली लहान काचेची डबी दाखवली. सगळे बर्नर बंद करून तिचं बटण दाबायचं, आत बुडबुडे आले तर कुठेतरी गळतंय. मी रोज झोपायच्या आधी दाबते. तू दाराची कडी दोनदा पाहतेस तसं.

तो हत्यारं आवरत होता तेव्हा मी नव्या शेगडीला हळद-कुंकू लावलं आणि लहान भगुण्यात दूध ठेवलं. वर आलं, आलं, आणि उतू गेलं. तो धावत आला बटण बंद करायला. मी म्हटलं, राहू द्या, मुद्दाम आहे. त्याने एकदा दुधाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुसायला फडकं दिलं.

आई, त्या वेळी मला तूच दिसत होतीस. गाव धरणात जाणार म्हणून आपण निघालो त्या दिवशी सगळे पत्रे, फाटे, दारं ट्रॅक्टरवर चढवत होते आणि तू आत सब्बलने चूल खणत बसली होतीस. ती फुटली. तरी ढेकळं पोत्यात भरलीस. बाबा ओरडले, माती काय तिकडे नाही काय! नव्या जागी त्याच ढेकळांना भिजवून तू चूल घातलीस. गोसे धरणाची पायाभरणी 1988 ची, माझा जन्मही 1988 चा, म्हणून आजी मला धरणाची पोट्टी म्हणायची. आपलं घर पाण्याखाली गेलं आणि ही पाण्यावर जाऊन राहिली, असं लोक बोलत असतील. बोलू दे. हे काही वैनगंगेसारखं पाणी नाही, बाबा. हा कालवा आहे, लंडन ते बर्मिंगहॅम 137 मैल, आणि माझ्या काठाशी उभं राहिलं तर कमरेच्या वर फारसं येत नाही. पूर नाही, भोवरा नाही. पाण्याची भीती मनातून काढून टाका.

शेगडी घेतली म्हणजे पोरगी कायमची तिकडची झाली, असं मनात आणू नका. पुढचे दोन-तीन वर्षं तरी इथेच, एवढंच. माझं सगळं नीट आहे. कोळशाची वेगळी शेगडी रात्रभर धगधगते, पांघरूण तुझ्या गोधडीचंच आहे. तांदूळ मिळतो, आपल्या धानासारखा नाही. सांबाराची जुडी मिळते, बरबटी डब्यातली. ओव्हनमध्ये परवा रोडगे केले. गोवरीचा वास नव्हता, पण वरून करपले तसेच.

आता माझं ऐका, आणि हे दादाने दोनदा वाचावं.

तुमच्या गॅसची केशरी नळी बदला. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची असते. मागच्या खेपेला मी पाहिली होती तेव्हाच ती कडक झालेली. आई, सिलिंडर वाचतो म्हणून चुलीवर भात रांधणं बंद कर. तुझा खोकला मला फोनवर ऐकू येतो, तू तोंडावर पदर धरलास तरी. फार वाटलं तर रविवारी अंगणात कर, पण आत नाही. गॅसचा वास आला तर लाइटचं बटण दाबू नका, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेरून 1906 वर फोन करा. आणि थंडीत घमेल्यात निखारे ठेवून दार लावून झोपायचं नाही, बाबा, तुम्हाला सांगते आहे. निखाऱ्यांतून जो विषारी वायू निघतो त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. माझ्याकडे त्याचा अलार्म आहे, इथे राहायची सोय असलेल्या बोटीवर तो लावावाच लागतो. तुमच्यासाठी एक घेऊन येते. बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी नाही, नंतर. कान दाखवून या.

माघात येते. धान चुरून झालेलं असेल, तुम्हालाही फुरसत. तोवर दिवे लावजा, माझ्या वाटणीचा एक जुन्या चुलीपाशी ठेवजा. जेवजा वेळेवर.

तुमची,
पोट्टी

ता. क. नळी बदलली की दादाला फोटो पाठवायला सांगा. नव्या नळीचा नको, काढलेल्या जुन्या नळीचा.