छोट्या युद्धनौकांवर क्षेपणास्त्रांआधी रडार आणि सोनार हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या युद्धनौकांच्या आधुनिकीकरणाचा विषय निघाला की चर्चा नव्या क्षेपणास्त्राच्या पल्ल्यावर येऊन थांबते. बेळगाव-खानापूर भागात फौज म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री, हे समीकरण पक्के असल्याने नौदलाकडे आपले लक्ष तसेही कमीच. मात्र कारवारचा ‘आयएनएस कदंब’ तळ आपल्यापासून फार दूर नाही. कारवारच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली ‘चपल’ ही क्षेपणास्त्रवाहू नौका पाहायला गेलेली बहुतेक मंडळी क्षेपणास्त्रांच्या चार नळकांड्यांपाशी फोटो काढतात. डोलकाठीवरच्या रडारकडे मान वर करून बघणारे थोडेच.

4 डिसेंबर 1971 च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या छोट्या नौकांनी कराचीवर केलेला हल्ला आपण दरवर्षी नौदल दिनी आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. पण त्यानंतर पाचच दिवसांनी, 9 डिसेंबरच्या रात्री, दीवजवळ ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी व 176 नौसैनिक गेले. खुकरी पाणबुडीच्या शोधातच निघाली होती, परंतु तिच्या सोनारपेक्षा (ध्वनिलहरींनी पाण्याखालचा शोध घेणाऱ्या यंत्रणेपेक्षा) हँगोरचा सोनार सरस होता. जिला आधी चाहूल लागली, तीच वाचली.

पल्ल्याच्या आकड्यांचेही तसेच आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे समुद्रसपाटीपासून 20 मीटर उंचीवर बसवलेल्या साध्या रडारला तेवढ्याच उंचीचे दुसरे जहाज साधारण 35 ते 40 किलोमीटरपर्यंतच दिसते. आपल्या नौदलाच्या ‘कोरा’ वर्गाच्या छोट्या युद्धनौकांवरील उरान या जहाजविरोधी क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे 130 किलोमीटर आणि ब्रह्मोसचा सुरुवातीचाच 290 किलोमीटर. म्हणजे हेलिकॉप्टर, ड्रोन किंवा दुसऱ्या जहाजाकडून लक्ष्याची माहिती थेट मिळण्याची सोय नसेल, तर त्या पल्ल्याचा बराचसा भाग कागदावरच राहतो. उलट, लाटांवरून पाच मीटर उंचीने येणारे शत्रूचे क्षेपणास्त्र याच रडारला 27-28 किलोमीटरवर दिसले, तर ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या क्षेपणास्त्रासाठी जेमतेम दीड मिनिट मिळते आणि ध्वनीच्या अडीचपट वेगाने येणाऱ्यासाठी अर्धे मिनिट. तेवढ्यात ते ओळखायचे, त्याला चकवणारी फसवी लक्ष्ये सोडायची आणि तोफा रोखायच्या. 2006 मध्ये लेबनॉनच्या किनाऱ्याजवळ इस्रायलच्या ‘हनित’ या आधुनिक कॉर्व्हेटवर (छोट्या युद्धनौकेवर) क्षेपणास्त्र आदळले आणि चार नौसैनिक मरण पावले, तेव्हा तिची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा चालू स्थितीत नव्हती.

आपल्याकडे तर यंत्रणा बसवण्याआधीच नौका ताफ्यात घेण्याची सवय लागली आहे. पाणबुडीविरोधी कामासाठीच बांधलेली ‘कामोर्ता’ ऑगस्ट 2014 मध्ये हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्रांशिवाय दाखल झाली, आणि आवश्यक शस्त्रे व सेन्सर नसल्याने या वर्गाच्या नौका नेमून दिलेले काम पूर्णपणे करू शकत नाहीत, असा ठपका ‘कॅग’ने 2017 मध्ये ठेवला. अशा नौकेच्या जलावतरणाच्या फिती मात्र वेळेवर कापल्या जातात.

छोट्या नौकेवर प्रत्येक टनाचा हिशेब लागतो, हे मान्य. जड रडार डोलकाठीवर चढवले की नौकेचा तोल बिघडतो, वीजनिर्मिती अपुरी पडते, थंड हवेची सोय वाढवावी लागते, जुन्या केबल बदलाव्या लागतात. त्यामुळे जागेसाठी काही काढायचेच असेल तर कोरा वर्गाच्या सोळापैकी काही क्षेपणास्त्रे काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. शत्रूला न दिसता सोळा क्षेपणास्त्रे सोडण्याची संधी छोट्या नौकेला क्वचितच मिळेल. पहिला मारा चुकवण्याची गरज मात्र नेहमीच पडेल.

नव्या बांधणीबाबत चित्र थोडे बरे आहे. जून 2025 मध्ये दाखल झालेली, वसईजवळच्या किल्ल्याचे नाव घेतलेली ‘अर्नाळा’ उथळ पाण्यातील पाणबुड्या शोधण्यासाठीच आखलेली आहे. मार्च 2023 मध्ये कोचीन शिपयार्डशी सहा नव्या क्षेपणास्त्रवाहू नौकांचा 9,805 कोटी रुपयांचा करार झाला, त्याच महिन्यात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सला गस्ती नौकांसाठी 13 मारा-नियंत्रण (लक्ष्यावर तोफांचा नेम धरणाऱ्या) प्रणालींचे काम मिळाले. प्रश्न उरतो तो आधीच सेवेत असलेल्या नौकांचा.

खानापूर तालुका लोकसभेसाठी कारवारच्याच मतदारसंघात, उत्तर कन्नडमध्ये येतो. तेव्हा आमच्या खासदारांनी संसदेत एवढे विचारावे, की कोरा वर्गाच्या चार नौकांना नवे रडार आणि फसव्या लक्ष्यांची यंत्रणा केव्हा मिळणार, त्यासाठी प्रत्येक नौका किती महिने गोदीत राहणार आणि ही यंत्रणा चाचणीत उतरेपर्यंत नौका पुन्हा समुद्रात धाडली जाणार नाही, अशी अट करारात असेल काय?

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)