हार्पसिकॉर्डचा मार्ग धरताना

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

हार्पसिकॉर्डच (पियानोसारखं दिसणारं, पण तारा छेडून वाजणारं जुनं वाद्य) करायचं ठरवलंस, चांगलं केलंस. फक्त एकल मैफलींवर पोट चालेल असा हिशोब मांडू नकोस. बोलावणी येतात ती बहुतेक साथीसाठी, बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या) ऑपेरा नाहीतर बाखच्या कँटाटांसाठी (वाद्यांच्या साथीने गायच्या रचना). समोर नुसती खर्जाची ओळ आणि तिच्यावर आकडे. ६ दिसला की खर्जापासून तिसरा आणि सहावा स्वर धरायचा. ते कसे पसरायचे, किती भरायचे, हे गाणाऱ्याचा श्वास बघून तिथल्या तिथे ठरवायचं. त्यामुळे रोज न पाहिलेलं एक पान आकड्यांवरून वाजव.

सूरही तुलाच लावावा लागेल, दर वेळी ट्यूनर कुठून येणार? ६१ पट्ट्या आणि तीन संच म्हणजे १८३ तारा. ए हा स्वर ४१५ हर्ट्झवर घेऊन आधी वालोटी ही सूर लावायची पद्धत पक्की कर. एफ-सी, सी-जी, जी-डी, डी-ए, ए-ई, ई-बी हे सहा पंचम प्रत्येकी सुमारे ४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) अरुंद, उरलेले सहा शुद्ध. मग एफ-ए, सी-ई, जी-बी वाजवून बघ. तिन्ही सारखेच गोड लागले पाहिजेत. एखादा कर्कश वाटला, तर कुठलातरी पंचम अरुंद करायच्या ऐवजी रुंद झालाय किंवा शुद्धच राहिलाय. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात. मध्यंतरात वेळ अपुरा असेल तर चार फुटी संच (एक सप्तक वर वाजणाऱ्या तारांचा) सरळ बंद ठेव, सगळ्यात आधी तोच बिघडतो.

पट्टी सोडल्यावर जॅक (पट्टीबरोबर वर जाऊन नखीने तार छेडणारी लाकडी काडी) वरच अडकला, तर लगेच सुरी काढू नकोस. जॅक उपसून त्याच्या खाचेत नुसता सोडून बघ. अलगद पडत नसेल, तर दमट हवेने लाकूड फुगलंय. पडत असेल तर जीभ (जॅकमधला नखी धरणारा हलता तुकडा) मोकळी हलते का बघ. तीही ठीक असेल, तर डेलरिन प्लास्टिकच्या नखीचं टोक खालून तिरकं तास, केसाएवढंच. जास्त गेलं की आवाज पातळ होतो आणि नखी बदलण्यावाचून इलाज नाही.

शिकायला बाझेलची स्कोला कँटोरम (स्थापना १९३३) किंवा हेगचं रॉयल कन्झर्व्हेटरी बघ. दोन्हीकडे फोर्टेपियानोही (पियानोचं जुनं रूप) घे. मोझार्टची कामं त्यावर मिळतात, आणि तिथे हातोडी असल्याने बोटांचा जोर आवाजात उतरतो, हार्पसिकॉर्डवर तो जवळपास वायाच जातो. सरावाला क्लॅव्हिकॉर्ड (पट्ट्यांचं छोटं, हळू आवाजाचं जुनं वाद्य) मिळाला तर सोडू नकोस. पट्टी जरा जास्त दाबली की सूर चढतो, बोटाची चूक लगेच कानाला कळते.

पिशवीत ट्यूनिंगची किल्ली, जाड-बारीक तारा, वीसेक नख्या आणि धारदार सुरी कायम असू दे. विमानप्रवासात सुरी सामानात टाक, हातात नको.

तुझा,
बाबा