सापाचं विष आणि माझी फेकलेली प्लेट

प्रिय बंड्या,

तू शिव्या घालायच्या आत सांगतो, चार महिने एक प्रोटीन प्युरिफाय करत बसलोय. कॉलम चालव, फ्रॅक्शन गोळा कर, जेलवर बघ, की परत तीन बँड, म्हणजे अजून भेसळ आहेच. तू मागे विचारलंस ना, एवढं करून मिळतं काय, तेव्हा मी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. आज नीट सांगतो, पण माझं नाही, स्टॅनली कोहेन नावाच्या अमेरिकन बायोकेमिस्टचं.

ब्रुकलिनच्या एका शिंप्याचा हा मुलगा, जन्म १९२२. पीएचडी मिशिगनला, तीही गांडुळांवर. उपाशी गांडूळ अमोनियाऐवजी युरिया का टाकायला लागतं हा प्रश्न, आणि त्यासाठी साहेब रात्री कॅम्पसवर फिरून गांडुळं गोळा करायचे, पाच हजारांवर झाली म्हणे. (माझ्या गाइडला हे सांगू नकोस, मलाही पाठवेल.)

१९५३ला तो सेंट लुईसला व्हिक्टर हॅम्बर्गरच्या, म्हणजे गर्भाच्या वाढीवर काम करणाऱ्या झूऑलॉजिस्टच्या लॅबमध्ये आला. तिथे रीटा लेव्ही-माँताल्चिनी ही इटालियन शास्त्रज्ञ होती. उंदराच्या एका ट्यूमरमधून काहीतरी झिरपतं आणि त्याने कोंबडीच्या गर्भातल्या नसा वेड्यासारख्या वाढतात, हे तिने पाहिलं होतं. गँग्लियन, म्हणजे मज्जापेशींचा बारीकसा गठ्ठा, ट्यूमरच्या तुकड्याशेजारी ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती तंतूंचं दाट वलय. पण ते 'काहीतरी' म्हणजे नक्की कोणतं रसायन, हे काढायला बायोकेमिस्ट हवा होता, आणि तो हा.

आता खरी गंमत. अर्कात प्रोटीनही होतं आणि न्यूक्लिक अॅसिडही, मग काम कोणाचं? आर्थर कोर्नबर्ग या दुसऱ्या बायोकेमिस्टने सुचवलं, सापाचं विष घालून बघा, त्यात न्यूक्लिक अॅसिड तोडणारं एन्झाइम असतं, वलय गेलं तर समजा काम न्यूक्लिक अॅसिडचंच. घातलं, तर वलय उलट वाढलं! मी असतो तर म्हटलं असतं बाटली खराब आहे, टाका. पण कंट्रोलची प्लेट होती ना, नुसतं विष, ट्यूमरचा थेंब नाही, तर तिच्यातही तेच वलय, म्हणजे विषातच ती चीज होती आणि ट्यूमरपेक्षा कितीतरी जास्त. मग कोहेनने विचार केला, विषाची ग्रंथी म्हणजे शेवटी लाळग्रंथीचीच बहीण, तर उंदराच्या लाळग्रंथी बघूया. नर उंदराच्या जबड्याखालच्या ग्रंथीत घबाड सापडलं. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, आणि हो, प्रोटीनच.

त्यापुढे त्याच्याविरुद्ध अँटिसीरम, म्हणजे त्या प्रोटीनला निकामी करणारं सीरम, बनवून नवजात उंदरांना टोचलं तर त्यांची सिंपथेटिक गँग्लिया (हृदय, रक्तवाहिन्या आपोआप चालवणाऱ्या नसांचे गठ्ठे) जवळजवळ नाहीशीच झाली. म्हणजे हे प्रोटीन नुसतं नसा वाढवत नाही, त्या नसांना जगायलाच ते लागतं. मला तर हा प्रयोग विषापेक्षाही भारी वाटतो, पण त्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

हॅम्बर्गरच्या झूऑलॉजी विभागात बायोकेमिस्टला पुढे जागा नव्हती, म्हणून १९५९ला तो नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टला गेला. जाताना डोक्यात एक भुंगा होता. लाळग्रंथीचा कच्चा अर्क टोचलेल्या पिल्लांचे डोळे १३-१४ दिवसांऐवजी सातव्याच दिवशी उघडायचे, आणि शुद्ध नर्व्ह ग्रोथ फॅक्टर दिला तर काहीच नाही. म्हणजे जिला आपण घाण म्हणून धुऊन टाकतो तिच्यात दुसरंच प्रोटीन बसलं होतं. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे त्वचेच्या पेशी वाढवणारं, ५३ अमिनो अॅसिडचं. त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवर तो जिथे चिकटतो ती जागा, पुढे सापडला, आज फुप्फुसाच्या कॅन्सरची काही औषधं तोच रिसेप्टर बंद करतात. १९८६ला कोहेन आणि रीटाला नोबेल मिळालं, तोवर लाळग्रंथीच्या त्या शोधाला तीस वर्षं होत आली होती.

आता माझं ऐक. मागच्या आठवड्यात माझ्या कंट्रोलमध्ये, नुसत्या बफरमध्ये (प्रोटीन ज्यात विरघळवतो ते द्रावण, प्रोटीन न घालता), अॅक्टिव्हिटी दिसली. मी काय केलं? वैतागून प्लेट फेकली, वहीत 'खराब' लिहिलं आणि झोपायला गेलो. परवा हे सगळं वाचताना पोटात गोळाच आला रे.

बहुतेक कंटॅमिनेशनच असणार, शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तेच असतं. पण त्या बफरची बाटली अजून फ्रीजमध्ये आहे, तिच्यावर माझं नाव टाकून मागे सरकवून ठेवलीय, कोणी ओतून देऊ नये म्हणून. सोमवारी परत लावतो, यावेळी तीन प्लेटा.

काही निघालं तर मी फोन करतो. नाही निघालं तर तूच कर.

तुझा,
गांडूळ नंबर पाच हजार एक