रेवदंड्याचा स्तंभ आणि निकितिनची वाट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी अफानासी निकितिन याच्या रेवदंड्याच्या स्मृतिस्तंभाबद्दलची कालची बातमी वाचली. विषय घेतलात याबद्दल आभार. पण ‘निकितिन पोर्तुगीज कोटाच्या धक्क्यावर उतरला’ हे वाक्य छापण्याआधी निदान सनावळी बघायची होती. तो रेवदंड्याशेजारच्या चौल बंदरात आला जुन्या गणनेनुसार १४६९ मध्ये, नव्या अभ्यासकांच्या मते १४७१ मध्ये. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये आणि रेवदंड्याचा कोट उभा राहिला १५२० नंतर. निकितिनच्या वेळी चौल बहामनी अमलाखाली होतं. तो दर्यावर्दीही नव्हता. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी होता आणि इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदराच्या घोड्यांच्या व्यापाऱ्यांनी रुळवलेल्या वाटेने विकायला घोडा घेऊन आला होता.

त्या घोड्याचा प्रसंग तुम्ही चौलच्या बाजारात घडवलात, याचा जास्त राग आला. तो जुन्नरला घडला आणि निकितिनने स्वतः लिहून ठेवला आहे. तिथला सुभेदार असद खान याने घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडा जप्त आणि हजाराचा दंड. मुदत ४ दिवस. खोजा महंमद खुरासानीने रदबदली केली तेव्हा घोडा सुटला.

स्तंभ २००२ मधला आहे. शेजारी माहितीफलक होणार असेल तर त्यावर वाट दाखवा : चौल ते पाली ८ दिवस, पाली ते उमरी १० दिवस, पुढे जुन्नर, बिदर, गुलबर्गा. उमरी म्हणजे आजचं कोणतं गाव यावर एकमत नाही, तेव्हा नाव त्याने लिहिलं तसंच ठेवावं. परतीचं जहाज त्याने दाभोळहून धरलं. बातमीत दाभोळचं नावही नाही.

आणि कृपा करून, स्तंभाला ऑइल पेंट लावायची सूचना मागे घ्या. दगडात मुरलेला खारा दमट ओलावा रंगाखाली कोंडतो, मीठ आतल्या आत फुलतं आणि रंगासोबत दगडाचे पापुद्रे सुटतात. पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवावा. तारेचा ब्रश आणि ॲसिड अजिबात नको. फलकाला लोखंडी खिळेही नकोत, गंज फुगला की दगडाची कड उडते. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरावेत.

जाता जाता : बातमीसोबतचं छायाचित्र रेवदंड्याचं नाही, खाडीपलीकडच्या कोर्लईच्या किल्ल्याचं आहे.

– एक वाचक, अलिबाग