ताईआत्याचे कागद

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, बसून वाचा. आई, तू शेजारी बस. काळजीचं काही नाही. मनू आणि तिच्या पोटातलं बाळ, दोघंही ठीक आहेत.

ताईआत्याच्या कागदांसाठी मनोरुग्णालयात अर्ज दिलाय. आधी विचारलं असतं तर तुम्ही ‘नको’ म्हणाला असता, आणि तुमचा शब्द मला मोडवला नसता. मनूच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात बाळंतपणानंतर कुणाचं मन बिघडलं होतं का. हजारात एक-दोघींना होणारा आजार, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच दिसतो आणि उपचारांनी बरा होतो. आत्याची झोप दहाव्या दिवशी उडाली, असं आजीच सांगायची ना? आता मनूचं नातं तसं लांबचं. नुसतं तेवढ्यासाठी एवढी खटपट नसती केली. पण शरददादाने सत्तरी ओलांडली, आईचा साधा फोटो पाहिला नाही त्याने. अर्जावर सही त्याचीच आहे.

दाखल करणाऱ्याच्या रकान्यात बहुधा अण्णांचं नाव निघेल. त्यांच्यावर रागावू नका. ते साल १९५१. क्लोरप्रोमाझिन हे पहिलं गुणकारी औषध मनोरुग्णांना मिळू लागलं ते १९५२ पासून. त्याआधी विजेचे झटके, नाहीतर इन्सुलिन टोचून बेशुद्ध करायचं. अण्णा तरी कुठे जाणार होते?

आणि बाबा, ‘ताई रात्री विहिरीवर जाते हे मी सांगितलं म्हणून तिला नेलं,’ असं तुम्ही एकदा तापात बडबडला होतात. मी जागी होते. सहा वर्षांच्या पोराच्या सांगण्यावरून कुणाला दाखल करत नाहीत हो, डॉक्टरांचा दाखला लागतो. माझ्या प्रत्येक तापात रात्रभर उशाशी बसणारा माणूस एवढं ओझं घेऊन बसला होता, हे मला फार उशिरा कळलं.

कागद आले की आधी मी आणि दादा वाचू. तुम्हाला ऐकावंसं वाटेल तेवढंच सांगू. तुमचं फिरणं, दुपारची झोप, रेडिओ, कशातही खंड पडणार नाही. तिथून फोन आलाच तर ‘हो, माझी बहीण’ एवढंच म्हणा, बाकी माझ्याकडे सोपवा.

आई, यांना सकाळची गोळी चुकवू देऊ नकोस. शनिवारी येतेय. तोवर माळ्यावरची ट्रंक काढायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. तूही नाही!

तुमची,
छकुली