आभारातला ‘एकदाचा’

संपादक महोदय,

लग्नाला चाळीस-पन्नास वर्षं झाली की बायकोने नवऱ्याविषयी लिहिलेला मजकूर बहुधा एकाच साच्यातला असतो. ‘सुखदुःखात खंबीर साथ दिलीत, मी ऋणी आहे.’ नाव बदललं तर तो कुठल्याही नवऱ्याला चालेल. ज्याच्यासाठी लिहिला, त्याला त्यात आपण कुठे दिसतच नाही.

आभार पोचायला तीन गोष्टी लागतात: त्याने नेमकं काय केलं, त्यापायी त्याचं काय गेलं आणि आपलं काय वाचलं. ‘माझ्या आईचं खूप केलंत’ हे मोघम झालं. ‘आईच्या आजारपणात रात्री दोनचं औषध तुम्ही द्यायचात आणि सकाळी तसेच कामावर जायचात, म्हणून मला सलग पाच तास झोप मिळायची’ हे त्याच्यापर्यंत पोचतं. एवढं पुरे. पुढच्या वाक्यापासून भाषण सुरू होतं.

अडचण आठवण्याची असते. १९७९ मध्ये मायकल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी ३७ जोडप्यांना घरातल्या वीस बाबींत आपला वाटा किती, हे वेगवेगळं विचारलं. बहुतेक बाबींत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. त्यामागे खोटेपणाच असतो असं नाही. आपण उपसलेले कष्ट पटकन आठवतात, दुसऱ्याचे आठवत नाहीत. म्हणून सात दिवस वहीत रोज एक ओळ लिहावी: न सांगता झालेलं त्याचं एक काम. रात्री कडी लावली का ते बघणं, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरणं, बिलाची तारीख लक्षात ठेवणं. ही कामं झाली की दिसत नाहीत, राहिली की दिसतात. सातांतली एकच ओळ निवडावी. सगळी वही वाचून दाखवली तर हजेरी घेतल्यासारखं होतं.

‘आपल्याच माणसाचे आभार कसले मानायचे’ असं म्हणणाऱ्यांचंही खरं आहे. ‘धन्यवाद’ घरात परकाच वाटतो. पण मराठीत ‘बरं झालं’ आहे. ‘बरं झालं तुम्ही बरोबर आलात, मला एकटीला डॉक्टरांचं निम्मं कळलं नसतं.’ आभारच हे, फक्त घरच्या कपड्यांतले! सांभाळायचं ते ‘तरी’ आणि ‘एकदाचा’ या दोन शब्दांपासून. ‘आज तरी नळ बघितलात’, ‘एकदाचा नळ दुरुस्त झाला’ यांत कौतुक कमी, जुनी थकबाकी जास्त. ‘नळाची टपटप थांबली, रात्री झोप लागली’ म्हटलं की झालं. चारचौघांत दुसऱ्याच्या नवऱ्याशी तुलना करून केलेली स्तुतीही अशीच फसते. ऐकणारा तुलनेतच अडकतो.

उतारवयात आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे कान. वयानुसार आधी उंच पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात; स, फ, त यांसारखी अक्षरं निसटतात. स्वयंपाकघरातून, नळ चालू ठेवून बोललेलं कौतुक त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि ‘यांना कशाचं काही नाही’ असा गैरसमज मात्र होतो. टीव्ही बंद करून, समोर हातभर अंतरावर बसून, आवाज न चढवता सावकाश बोलावं.

ज्या संसारात मारहाण किंवा अपमान झाला, तिथे वाढदिवसाच्या समारंभात बायकोला माइक देऊन कृतज्ञता वदवून घेऊ नये. मुलांनी तर मुळीच नाही.

बोलवत नसेल तिने लिहावं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की आभाराचं पत्र वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त असतो. पाठकोरा कागद नको, शाई काळी, अक्षर ठसठशीत, दोन ओळींत मोकळी जागा, शंभरेक शब्द. हातात देऊन ‘वाचा’ म्हणत समोर उभं राहू नये. पुष्कळ पुरुषांना समोर वाचवत नाही. घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवावं, ते रोज उघडलं जातं. नंतर ‘त्यात काय एवढं’ असं उत्तर आलं, तर ती पोच समजावी आणि विषय तिथेच सोडावा.

– एक वाचक